तलावाकाठचं भांडण

यामिनी हरदासला राग आला की रडू यायचं. लहानपणापासून हीच तिची अडचण. वर्ध्याला बहिणींशी भांडतानाही तिचं बोलणं अर्ध्यावर राहायचं आणि डोळे वाहायला लागायचे. लग्न होऊन रायपूरला आली, नवा रायपूरमधल्या एका सरकारी कार्यालयात नोकरीला लागली, मुलगी दहावीत गेली, तरी ते काही सुटलं नाही. रडणाऱ्या माणसाचं म्हणणं कोणी ऐकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं. म्हणून ती भांडणंच टाळायची.

मे महिन्यातल्या त्या रविवारी मात्र तिचा तोल गेला.

तिनं कुरडया घातल्या होत्या. गहू भिजवा, वाटा, चीक काढा, घोटून घोटून शिजवा, हात दुखेपर्यंत सोऱ्या फिरवा, एवढं सगळं करून तेलीबांधा तलावाजवळच्या त्यांच्या चारमजली इमारतीच्या गच्चीवर जुन्या साडीवर पसरल्या होत्या. संध्याकाळी गोळा करायला गेली तर गच्चीभर पाणी. वरच्या मजल्यावरच्या श्यामकांत भोयरांनी कूलर तिथं आणून धुतला होता आणि टाकीतलं गढूळ पाणी तसंच सोडून दिलं होतं. कुरडयांची पेज झाली होती.

ती तरातरा घरात आली. मुलगी शर्मिष्ठा म्हणाली, "मम्मी, जाने दो ना. अंकल ने जान-बूझकर थोड़ी किया होगा."

"जाने दो काय? दोन दिवस राबली मी!"

ती भोयरांच्या दाराशी गेली. घंटीवर बोट ठेवणार, तोच तिनं हात मागे घेतला. आता दार उघडेल, आपण 'काका' म्हणू आणि पुढे नुसते हुंदके. नको. आधी काय बोलायचं ते नीट जुळवून घेऊ, मग येऊ. ती तशीच जिना उतरली आणि तलावावर गेली.

रविवारची गर्दी होती. गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यांभोवती माणसं उभी होती, पोरं सायकली पळवत होती. यामिनी झपाझप चालत राहिली. तोंडानं पुटपुटणं सुरूच होतं. "काका, गच्ची काय तुमच्या एकट्याची आहे? डोळे नाहीत काय तुमाले?" बोलता बोलता आवाज कधी चढला तिलाही कळलं नाही. हात हवेत फिरत होते. एका बाईनं आपल्या लेकराला जवळ ओढून घेतलं.

समोरून एक गृहस्थ असेच हातवारे करत येत होते. "सांगाले काय झालं होतं? विचाराले तोंड नोयतं काय?" असं काहीतरी ते हवेला विचारत होते. अगदी जवळ आल्यावर दोघंही थांबले. ते श्यामकांत भोयरच होते.

"तुम्ही कोणाशी बोलून राहिले, काका?"

भोयर गडबडले. "तुमच्याशीच. म्हणजे, घरी येऊन बोलणारच होतो. आमच्या सुशीलानं हाकललं. म्हणे, आधी तलावाले चक्कर मारून या, नाही तर तोंडाले येईल ते बोलसान."

"मीपण तुमच्याशीच बोलून राहिली होती."

मग यामिनीला हसू फुटलं आणि भोयरही हसले. पण राग काही गेला नव्हता, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

"आता भेटलोच आहोत तर बोलून टाका," भोयर म्हणाले.

"मले रडू येईल."

"येऊ द्या. मी वरडीन. माझी तशीच सवय आहे. चला, चालता चालता बोलू."

यामिनी बोलू लागली. कुरडयांपर्यंत आली आणि डोळे भरले. सवयीनं ती थांबली. भोयर शेजारून चालत म्हणाले, "मग? पुढं?" कोणी असं विचारलेलं तिला आठवेना. ती नाक पुसत, रडत रडत पुढचं बोलली. गढूळ पाण्याचं बोलली, न विचारता धुण्याचं बोलली, सगळं बोलली. आसवं वाहत होती आणि शब्द सापडत होते. संपलं तेव्हा तिला एकदम हलकं वाटलं.

"चुकलंच माझं," भोयर म्हणाले. "पाणी त्या कोपऱ्यातल्या साडीपर्यंत जाईल हे ध्यानातच आलं नाही. रागात होतो."

"कशाचा राग?"

मग त्यांची पाळी आली. साडीसाठी जागा करायला यामिनीनं त्यांच्या मोगऱ्याच्या कुंड्या उचलून भर उन्हात ठेवल्या होत्या. मोगरा करपला होता. सुशीलाकाकूंनी गोंदियाहून, माहेरच्या अंगणातून आणलेला तो मोगरा. "काहून हात लावला? एक हाक मारली असती!" भोयरांचा आवाज चढला. लोक वळून बघू लागले.

"चालत राहा, काका. जरा जोरानं चला."

त्यांनी पाय उचलले. चालण्यानं दम लागून ओरडणं जमेना. आवाज आपोआप खाली आला आणि शेवटी ते नुसतं म्हणाले, "ती दुपारी त्या कुंड्यांजवळ नुसती बसून होती हो."

यामिनीला वाईट वाटलं. "मले माहीत नव्हतं, काका. मी येते, काकूंशी बोलते."

ती त्याच संध्याकाळी गेली. काकूंनी करपलेल्या फांद्या छाटून ठेवल्या होत्या. "मुळं जिती आहेत, फुटीन," त्या म्हणाल्या आणि तिच्यापुढे चिवडा ठेवला.

पुढच्या आठवड्यात कार्यालयातल्या बैठकीत अभिनव साहेबांनी एका रखडलेल्या कामाचा ठपका यामिनीवर ठेवला. चूक तिची नव्हती. ती बोलायला उठली आणि डोळे भरून आले. साहेब गोंधळले. "अरे मैडम, छोड़िए, बाद में बात करते हैं."

"बाद में नहीं, सर," ती म्हणाली. "आँसू अपने आप रुक जाएँगे. आप सुनते रहिए."

आणि तिनं शेवटपर्यंत सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि ठपका मागे घेतला.

भोयरांचं मात्र ओरडणं पूर्ण सुटलं नाही. आवाज चढू लागला की सुशीलाकाकू दार उघडून तलावाकडे बोट दाखवतात. "राग तेवढाच आहे यांचा," त्या परवा जिन्यात यामिनीला सांगत होत्या, "पण शुगर कमी झाली, बापा!"