हरपलेली की विसरलेली

बबडी बत्तीस वर्षांची होती, संशोधन मंडळात चांगल्या पगाराची नोकरी करत होती आणि तरी घरात बबडीच होती. जगभरातले शोधनिबंध कॉम्प्युटरला वाचायला घालायचे आणि पुढच्या पाच वर्षांत कोणता विषय वर येणार, कोणता मागे पडणार, याची यादी त्याच्याकडून काढून घ्यायची, हे तिचं काम. मंडळ त्या यादीकडे बघून अनुदान द्यायचं. मंडळातल्या साहेबांना यादी फार प्रिय होती. यादी हातात असली की डोकं चालवायचा त्रास वाचतो.

यंदाच्या यादीत मावशीचा विषय नव्हता. वर नाही, खाली नाही, कुठेच नाही.

मावशी डॉक्टर. तिच्या वॉर्डात बारा खाटा होत्या. मेंदूला मार बसल्यावर काही माणसांना तहानच लागेनाशी होते. जीभ कोरडी पडते, चक्कर येते, पण पाणी मागायचं काही सुचत नाही. अशांना ती पुन्हा तहान ओळखायला शिकवायची. यादीत विषय नाही म्हणजे अनुदान नाही, आणि अनुदान नाही म्हणजे महिनाअखेर वॉर्डाला कुलूप.

बबडीने दोन दिवस सगळं उलटंपालटं करून पाहिलं. चूक सापडली, आणि ती तिचीच निघाली. दहापेक्षा कमी निबंधांत आलेला शब्द कचरा समजून आधीच गाळायचा, हा नियम तिनेच घालून दिला होता. या आजारावर तेरा निबंध होते, पण सात निबंधांत त्याला ‘तहानभूल’ म्हटलं होतं आणि सहांत ‘तहानलोप’. दोन्ही शब्द चाळणीतून खाली पडले. मावशीचं काम कॉम्प्युटरपर्यंत पोचलंच नव्हतं.

तहानभूल हा मावशीचा शब्द, तहानलोप आईचा. आईही डॉक्टरच, आता निवृत्त. आजार दोघी बहिणींनी मिळून ओळखला आणि नावावरून भांडल्या. आईचं म्हणणं, तहान कायमची गेलेली असते. मावशीचं म्हणणं, ती नुसती विसरलेली असते. एकोणीस वर्षं झाली, दोघींत विस्तव जात नव्हता.

मंडळाच्या नियमाप्रमाणे दोन शब्द एकच मानायचे तर ते घडवणाऱ्या दोघांच्याही सह्या लागत. मावशीने लगेच केली. आईने कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“ही खोटी सही होईल, बबडे. गेलेली आणि विसरलेली एक नव्हे.”

“आई, बारा माणसं आहेत तिथे.”

“म्हणून खोटं लिहू? उद्या तुझं यंत्र त्याच खोट्यावर अंदाज बांधेल.”

बबडीला राग आला. आईचं बरोबर आहे हेही कळत होतं, त्यामुळे तो आणखीच चढला.

“मग एकदा जाऊन बघ तरी. एकोणीस वर्षांत तिच्या वॉर्डाची पायरी चढली नाहीस. न बघता नाक मुरडायचं, हे कुठलं शास्त्र?”

आईने कागदाची घडी करून तो पर्समध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पर्स घेऊन दारात उभी राहिली.

वॉर्डात मावशी एका म्हाताऱ्या सुताराच्या खाटेजवळ बसली होती. बहिणीला बघून ती उठली, “ये, ताई” म्हणाली आणि पुन्हा बसली. आईने भिंतीशी खुर्ची ओढून घेतली. बबडी दाराशीच थांबली. सुताराला आज कोणी पाण्याची आठवण करायची नाही, असं मावशीने सगळ्यांना बजावलं होतं. तो पेपर वाचत होता. तासभर गेला. मग त्याने पेपर खाली ठेवला, ओठांवरून जीभ फिरवली, जरा गोंधळला.

“बाई, पाणी द्याल का?”

आई स्वतः उठली. तिने ग्लास भरून त्याच्या हातात दिला.

“किती दिवस लागले?” तिने बहिणीला विचारलं.

“चौदा महिने.”

“मी यांना पहिल्याच आठवड्यात घरी धाडलं असतं.”

आईने पर्समधून कागद काढला. ‘दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे’ हे छापील वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, ‘माझा शब्द चुकला. तहानलोप जिथे असेल तिथे तहानभूल वाचावं.’ मग सही केली.

मावशीने वाकून वाचलं. “अगं ताई, एवढं कशाला? नुसती सही केली असतीस तरी भागलं असतं.”

“तुझं भागलं असतं,” आई म्हणाली.

बबडीने दुसऱ्या दिवशी शब्द जोडले आणि यादी पुन्हा काढली. वर येणाऱ्या विषयांत तहानभूल चौथी लागली. ती बातमी घेऊन बबडी जवळजवळ पळतच घरी आली, तर आई फोनशी बसलेली आणि पुढ्यात जुन्या रुग्णांच्या पत्त्यांची वही. ‘तहान परत येणार नाही, उगाच आशा धरू नका,’ असं सांगून तिने ज्यांना ज्यांना घरी पाठवलं होतं ते सगळे त्या वहीत होते. एकसष्ट जण.

“आई, वॉर्ड राहिला!”

आईने मान हलवली आणि हातानेच तिला थांबवलं. फोन लागला होता.

“नमस्कार, मी डॉक्टर बोलतेय. तुमच्या वडिलांना अकरा वर्षांपूर्वी मी तपासलं होतं... हो, तीच मी. तेव्हा मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. वडील आहेत का?”

पलीकडचं बोलणं बबडीला ऐकू आलं नाही. आईने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग वॉर्डाचा पत्ता न सांगताच फोन ठेवला, त्या नावावर रेघ मारली आणि पुढचा नंबर लावला.