तळं बघायला येणार

"आत्या, सोमवारी समितीचे साहेब तळं बघायला येणारेत," असं संध्यानं सुमित्राबाईंना फोनवर सांगितलं आणि तिथंच घोळ झाला. सारसोळ्यात कुणी बघायला येणार म्हटलं, की आधी सगळं झाडूनपुसून लख्ख करायचं असतं. सुमित्राबाईंनी गावातल्या बायका गोळा केल्या, पदर खोचला आणि रविवारी सगळ्या कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या.

तळं बुजवून तिथं पार्किंग व्हायचं होतं. तळं वाचवायला एकच निमित्त उरलं होतं, काळा पाणभुंगा. अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा, तुकतुकीत, पोटाखाली हवेचा चंदेरी थर घेऊन बुडी मारणारा, कुजका पाला खाणारा. कॉलेजात किडे शिकवणाऱ्या संध्याला तो इथं सापडला होता. त्याची वीण इथंच होते हे साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं, तर तळं राहणार होतं. सुमित्राबाईंना भुंगा ठाऊक होता. त्याची अंडी कशी दिसतात, हे सांगायचं मात्र संध्याच्या ध्यानातच आलं नाही.

संध्याकाळपर्यंत शेवाळ गेलं, कुजका पाला गेला, पानांना चिकटलेले कापसासारखे पांढरे बोळेही गेले. सगळं घंटागाडीत. वरून ब्लीचिंग पावडर. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इथं ते होतं. नितळ पाणी बघून सुमित्राबाईंचा ऊर भरून आला. याच तळ्यात त्या पोहायला शिकल्या होत्या.

सोमवारी काठावर येताच संध्या पांढरीफटक पडली. साहेबांनी पाण्यात जाळी फिरवली, पुन्हा फिरवली. रिकामीच.

"काय झालं गो?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"आत्या, पानांवरचे पांढरे बोळे कुठंयत?"

"ती घान? काढली ना आमी. पावन्याला घान दाखवायची काय?"

"त्यांत त्याची अंडी होती, आत्या."

कुणी सुमित्राबाईंना बोल लावला नाही, त्याचंच त्यांना जास्त लागलं.

साहेब भला माणूस होता. "तळं फार सुंदर ठेवलंय, मावशी," तो म्हणाला. "पण किडा आढळला नाही, असंच लिहावं लागेल मला."

"तसा नका लिवू. लिवा, भुंगा व्हता, सुमित्रानं मारला."

"असं कसं लिहू, मावशी?"

"का? खरा हाय ना ते."