उफराटपूरचे शेवटचे प्रकरण

मी एक जुनी, चिडकी कादंबरी आहे. मित्रांनो, चिडायला कारण आहे. माझे शेवटचे प्रकरण कित्येक वर्षे कुणी वाचलेच नाही!

माझ्यात हेब्बाळच्या तळ्याखाली दडलेल्या उफराटपूरची गोष्ट आहे. आपल्या बेंगळुरूचेच ते आरशातले रूप. तिथे बस उजव्या बाजूने धावतात आणि माणसे डाव्या हाताने जेवतात. गोष्टीतली मुलगी शेवटी तिथे पोचते, म्हणून शेवटचे प्रकरण मुद्दाम उलट्या अक्षरांत छापले आहे. आरसा धरला की सरळ दिसते. पण तशी सूचना छापायची नाही, मुलांना आपोआप सुचेल, हा माझ्या लेखकाचा हट्ट. सुचलेही असते हो, पण मोठी माणसे मध्ये आली ना!

नव्वदच्या सुमारास मी पुण्याहून इथल्या एका मराठी मंडळाच्या वाचनालयात आले. सुरुवातीला माझ्यावर उड्या पडायच्या. पण शेवटाशी येताच आईबाबा तक्रार घेऊन मला परत आणायचे. वाचनालय सांभाळणारे विठोजी अण्णा पिढ्यान् पिढ्या इथलेच, कापडाचे दुकानदार. त्यांनी वैतागून माझ्या कपाळावर चिठ्ठी डकवली, 'सदोष प्रत'. सदोष! मी! आणि कित्येक वर्षे धूळ खाऊ घालून एका रविवारी मला थेट रद्दीच्या गठ्ठ्यावर टाकले. संध्याकाळी रद्दीवाला येणार होता.

त्याच दुपारी नीलिमा आली. नोकरीसाठी पुण्याहून ती नुकतीच इथे आली होती. ती अण्णांशी बोलत असताना तिची मुलगी सिद्धी गठ्ठ्याजवळ बसली आणि तिने मला नेमके शेवटून उघडले. सिद्धी डावरी. अक्षरेही उलटी काढते, म्हणून शाळेत रोज बोलणी खाते. ती माझे प्रकरण मोठ्याने वाचू लागली.

"मनाचं काय वाचतेस गं?" नीलिमा म्हणाली.

"मनाचं नाही आई. असंच लिहिलंय. मी लिहिते तसं, उलटं."

अण्णांनी भिंतीवरचा आरसा काढून माझ्यापुढे धरला. "अय्यो! अक्का, स्वल्प इकडे बघा. शब्द न् शब्द बरोबर वाचतीय पोरगी!"

मला रडूच आले असते, पण पाने भिजली असती.

अण्णांनी ओल्या फडक्याने माझी चिठ्ठी सोडवली आणि मला पुन्हा कपाटात ठेवले. मग कौतुकाने सिद्धीपुढे चिवड्याची बशी केली. तिचा डावा हात पुढे गेला. नीलिमाने तो पटकन धरला.

"किती वेळा सांगायचं? उजव्या हाताने!"

सिद्धीने तो हात फ्रॉकमागे लपवला. मी काचेआड नुसती धुमसत राहिले. कपाट उघडे असते तर थेट नीलिमाच्या डोक्यावर उडी घेतली असती!

मित्रांनो, उलटे दिसले की लगेच चूक म्हणू नका. माझी चिठ्ठी ओल्या फडक्याने निघाली. सिद्धीची कोण काढणार?