प्लॉटचा खांदा, प्लॉटची कंबर

आमचे हे शिंपी. भाड्याच्या दुकानात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, आणि एके दिवशी दुकानमालकांचा निरोप आला की मुलाला औषधांचं दुकान काढून द्यायचंय, जागा मोकळी करा. माणूस वाईट नव्हता, मुदतही त्याने बरीच दिली. पण ह्यांनी जेवण तेवढं सोडलं नाही, बाकी सगळं सोडलं. कात्री हातात घेऊन नुसते बसायचे. दुकान गेलं तर घरी बसून उशांचे अभ्रे शिवू का, असं मला विचारायचे. उशा आमच्याकडे चारच. ते काम फार दिवस पुरलं नसतं, हे मी मनातल्या मनात मान्य केलं.

घराच्या बाजूला आमची थोडी मोकळी जागा पडून होती. तिथेच दुकान बांधायचं ठरलं. त्यासाठी नगररचना कार्यालयाची मंजुरी हवी, आणि मंजुरीसाठी जागेचा नकाशा. कुठे काय बांधणार, कुंपणापासून किती जागा मोकळी सोडणार, पावसाचं पाणी कुठून जाणार, सगळं त्यात दाखवायचं. समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदाच. ही चुकली तर मुदत संपणार आणि दुकान रस्त्यावर येणार. गिऱ्हाईक काही तीन महिने बिनकपड्यांचं बसून राहत नाही, असं ह्यांचं म्हणणं. ते कोपऱ्यावरच्या दुसऱ्या शिंप्याकडे जाणार आणि तिकडचंच होणार.

नकाशे काढणं हा माझ्या धाकट्या भावाचा धंदा. तो मोजमापाचं सामान घेऊन आला, तर ह्यांनी त्याला दारातच अडवलं.

"मेहुणे, आयुष्यभर मापंच घेतली मी. तुम्ही चहा घ्या."

मग ह्यांनी गळ्यातली टेप काढली आणि जागा मोजायला घेतली. शिंप्याची टेप ती, केवढीशी असणार? कुंपणाच्या कडेने हे असे उठत-वाकत गेले की रस्त्यावरच्यांना वाटावं, घराला नमस्कार घालत चाललेत.

मापांचा कागद भावाच्या हाती पडला तेव्हा तो बराच वेळ त्याकडे बघत राहिला. रस्त्याकडच्या बाजूला 'खांदा' लिहिलं होतं, मागच्या बाजूला 'घेर', आणि मधे जागा जरा आत गेलेली, तिथे 'कंबर'. बाही कुठेय, असं त्याने मला हळूच विचारलं. पण आकडे स्वच्छ होते, आणि दाजींचं माप चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्याने नकाशा काढला.

सुरेख निघाला. दुकान, त्यात कापड बेतायचं मोठं टेबल, कपडे घालून बघायची खोली, गिऱ्हाइकांना बाकडं, आणि दोन्ही अंगांना नियमाप्रमाणे मोकळी जागा. हे चष्मा पुसून पुसून बघायचे. आरसा दिसेना म्हणून त्यांनी आरसाही काढायला लावला. मंजुरीला आरसा लागत नाही, असं भाऊ म्हणाला. मला लागतो, असं हे म्हणाले. सकाळी देवापुढे बसताना मी नकाशा शेजारी ठेवायची आणि त्यावर एक फूल वाहायची. डाग पडेल, असं भाऊ म्हणायचा. त्याचंही खोटं नव्हतं.

बैठकीच्या दोन दिवस आधी कार्यालयातून तपासणीच्या बाई आल्या. मोजकं बोलणाऱ्या. सोबत शिपाई, लांबलचक पोलादी टेप घेऊन. त्यांनी समोरची बाजू मोजली, मागची मोजली, पुन्हा समोरची मोजली. मग नकाशाकडे पाहिलं.

"नकाशाप्रमाणे तुमची जागा शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात शिरलीय."

कुंपणापलीकडे शेजारचे काका कपडे वाळत घालत होते. हातातला टॉवेल तसाच धरून त्यांनी विचारलं, कुठपर्यंत? बाई म्हणाल्या, अंदाजे हातभर. काका आत गेले आणि बादली सरकवल्याचा आवाज आला.

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. हे मात्र शांत होते.

"माया सोडलीय," हे म्हणाले.

बाईंना कळेना. तेव्हा ह्यांनी नव्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं समजावून सांगितलं. अंगाचं माप तंतोतंत धरलं तर कपडा अंगाला बसत नाही. शिलाईच्या आत दोन्हीकडे थोडं कापड जास्त ठेवायचं, त्याला माया म्हणतात. माणसाला दोन बोटं पुरतात. प्लॉट मोठा, म्हणून हातभर धरली. शिवाय पहिल्या धुण्यात आटतं, त्याचं थोडं वेगळं.

"दाजी, जमीन आटत नाही," भाऊ म्हणाला.

"मग हे आधी सांगायचं."

बाईंनी तोंड फिरवलं आणि थोडा वेळ आमच्या भिंतीकडेच बघत राहिल्या. खांदे मात्र हलत होते. मग वळून म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत दुरुस्त नकाशा द्या, बैठकीत ठेवते. नाहीतर पुढच्या बैठकीला.

त्या गेल्यावर भावाने स्वतः जागा मोजली. दोन्ही अंगांना नियमाची जागा सोडली की दुकान इतकं अरुंद होत होतं की टेबल मावेल, पण त्याला वळसा घालून माणूस जाणार नाही. लांबीत वाढवावं तर पुढे रस्ता आणि मागे माझं स्वयंपाकघर. टेबल लहान करा, असं भाऊ म्हणाला. मग पँट काय घडी घालून बेतू, असं ह्यांनी विचारलं. दोघांत बरंच झालं. माझ्या माहेरच्यांचा उद्धारही झाला, तो मी इथे लिहीत नाही. शेवटी ह्यांनी गळ्यातली टेप काढली आणि खुंटीला अडकवली. दिवसाउजेडी त्यांच्या गळ्यात टेप नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "बेतताना चुकलं तर कापड फेकून देता का तुम्ही?"

मग टेप परत गळ्यात आली आणि टाचण्यांची डबी मागितली गेली. जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरून ह्यांनी त्याला दोन्हीकडून चुण्या घालायला सुरुवात केली.

"दाजी, नकाशाला टाचण्या लावत नाहीत."

"तुम्ही रेघा मारा. आत मी घेतो."

पहिल्या चुणीत बाकडं गेलं. दुसरीत कपडे घालून बघायची खोली गेली, तिथे पडदा लावायचं ठरलं. तिसरी चुणी आरशावर येत होती. तिथे ह्यांचा हात जरा थांबला. मग टाचणी बसली.

भाऊ सकाळी नवा नकाशा काढायला बसला आणि न जेवता कार्यालयात धावला. बाईंनी तो ठेवून घेतला. बैठकीत मंजूर झाला, देवाची कृपा.

दुकान उभं राहिलं. टेबल ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. शेवटची भिंत उभी राहण्याआधीच ते आत ठेवावं लागलं. अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे मशीन आणि हे. अलीकडून पलीकडे जायची वाट एकच, टेबलाखालून. नवं गिऱ्हाईक बोलत उभं असतं, आणि बोलता बोलता शिंपी नाहीसा होतो. जुनी गिऱ्हाइकं एकही गेली नाहीत. उलट काही नुसती बघायला येतात. मी रोजच्या प्रार्थनेत ह्यांच्या गुडघ्यांचं नाव घ्यायला लागले आहे.

पुढच्या बैठकीला सुधारित नकाशा देऊ, टेबलाच्या कडेने वाट काढू, असं भाऊ अजून सांगत असतो. हे पूर्ण ऐकून घेतात, मान डोलावतात, चष्मा खिशात ठेवतात आणि वाकतात. मग पलीकडून मशीनचा आवाज सुरू होतो.