निळ्या कव्हराच्या आत

मित्रांनो, माझं हे निळं कव्हर बघून फसू नका. ते नवं आहे. आतला मी जुना आहे आणि फुटलेला आहे. मी एक्स-रेच्या खोलीतला शिशाचा एप्रन. स्वतःबद्दल सांगताना मान खाली जाते, पण गप्प पडून राहायची लाज त्याहून मोठी आहे.

शिशाची पूड रबरात मळली, जाड चादरीसारखी लाटली, कापडात शिवली आणि मी तयार झालो. माझं वजन असं की उचलणारा आधी कंबर सांभाळायचा. दवाखान्यात आलो तेव्हा भिंतीवरच्या आडव्या दांड्यावर मला सरळ टांगलं. मला घडी चालत नाही. घातला की अंगावर, काढला की दांड्यावर, एवढंच माझं जगणं.

माझं काम नीट समजून घ्या. यंत्रातून सुटलेले किरण डोळ्यांना दिसत नाहीत. हवा त्यांना जाणवतही नाही, आणि सदरा तर त्यांच्या खिजगणतीत नसतो. मांसातून जाताना त्यांतले काही गळतात, हाडातून जाताना त्याहून बरेच गळतात. जिथे किरण पोचले तिथे फोटो काळा, जिथे अडले तिथे पांढरा; म्हणून हाड तेवढं पांढरं उठून दिसतं. शिशात तर माल इतका जड आणि दाटीने भरलेला, की तिथे त्यांची पुरती दमछाक होते. तरी खोटं सांगत नाही, शिसंही त्यांना एका झटक्यात संपवत नाही. एक पातळ थर निम्मे किरण खातो. तेवढाच दुसरा थर उरलेल्यांतले निम्मे. तिसरा त्यातलेही निम्मे. असं करत करत शेवटी नावापुरते उरतात. म्हणून जाडी लागते आणि ती सगळीकडे सारखी लागते. एका जागी चीर पडली की तिथून ते बिनबोभाट आत.

टेबलावरच्या माणसावर आपटून किरण खोलीभर उधळतात. रडणाऱ्या लेकराला धरून उभी राहिलेली आई त्यांच्या तावडीत सापडते. तिच्या आणि त्यांच्या मध्ये उभा असायचो मी. आया मला चाचपून बघायच्या आणि म्हणायच्या, "केवढा जड आहे हो!" त्या जडपणाचा त्यांना धीर वाटायचा. मलाही तेव्हा ऐट होती.

ती ऐट माझ्या भाऊंनी घालवली. भाऊ म्हणजे फोटो काढणारे. माणूस हुशार, हात सफाईदार, जिभेला मात्र हाड नाही. त्यांची कंबर दुखायची आणि खोलीतलं स्टूल लोखंडी. एक दिवस त्यांनी मला दुमडलं, पुन्हा दुमडलं, स्टुलावर टाकलं आणि माझ्यावर बसले. माझ्या दांड्यावर त्यांच्या डब्याची पिशवी आणि ओली छत्री आली.

झाडलोट करणाऱ्या मावशी हसायच्या. "भाऊ, गादी मिळाली की!"

"राजगादी आहे, मावशी. शिशाची. उचलून दाखवा बरं!"

घडी घातलेल्या जागी माझं रबर आतून तडकत गेलं. बाहेरचं कापड विरलं तेव्हा दवाखान्याच्या मालकीणबाई, म्हणजे मोठ्या डॉक्टर, म्हणाल्या, "पेशंटसमोर हे लक्तर नको. नवं कव्हर शिवून घ्या." शिंप्याने जुन्यावरच नवं कव्हर चढवलं. आत डोकावून बघायला कोणाला सवड नव्हती. लोक म्हणू लागले, "वा, नवा एप्रन!" मित्रांनो, त्या कौतुकाने मी जितका मेलो तितका घडीने मेलो नव्हतो.

मग ती सकाळ आली. एक बाई खोकणाऱ्या मुलाला घेऊन आल्या. पोरगं काही केल्या उभं राहीना, म्हणून बाईंनाच मला घालून त्याला धरायला सांगितलं. त्यांनी विचारलं, "भाऊ, मला काही होणार नाही ना?"

"ताई, शिसं आहे हे! आरपार जायची टाप आहे का किरणांची?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बटण दाबलं. बाई बाहेर बाकावर जाऊन बसल्या, रिपोर्टची वाट बघत.

त्यांच्या मागोमाग भाऊंची सख्खी धाकटी बहीण आली. तिचा मुलगा झोपाळ्यावरून पडला होता, मनगट सुजलेलं. पोरगं आईला घोरपडीसारखं चिकटलेलं. बहिणीचं पोट पुढे आलेलं.

"दादा, मीच धरते ह्याला. तुझा तो एप्रन दे."

भाऊंनी मला तिच्या गळ्यात अडकवलं. माझी घडीची जागा नेमकी तिच्या पोटावर आली. तिने पोटावर हात ठेवला, म्हणजे माझ्यावरच ठेवला, आणि विचारलं, "काही होणार नाही ना रे?"

भाऊंनी तोंड उघडलं. ठरलेलं वाक्य बाहेर येईना. ते स्टुलाकडे बघत राहिले.

"काढ तो," ते म्हणाले.

"का? काय झालं?"

"काढ म्हणतो ना! आणि बाहेर थांब."

त्यांनी मला टेबलावर पसरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा फोटो काढला. पडद्यावर मी पांढराशुभ्र उमटलो, आणि मधोमध आडवी काळी भेग. तिच्या खाली दुसरी. भाऊंचा चढलेला आवाज ऐकून मोठ्या डॉक्टर आल्या.

"अहो, हा तर नवाकोरा दिसतोय!"

"कव्हर नवं आहे, मॅडम. आतला जुनाच. तुम्हीच शिवून घ्या म्हणालात. आणि मी यावर बसत होतो."

दार उघडंच होतं. बाकावरच्या बाई दारात येऊन उभ्या होत्या.

"मघाशी मला हाच घातला होता ना?"

भाऊंनी मान डोलावली.

"बहीण आली तेव्हा तपासलात," बाई म्हणाल्या. आवाज चढवलाही नाही. "मला दिवस गेलेत का, हे विचारलंसुद्धा नाहीत."

डॉक्टर म्हणाल्या, "ताई, एका फोटोने घाबरण्यासारखं काही नसतं." ते खरंही होतं. पण बाई घाबरल्या नव्हत्याच, त्या उत्तर मागत होत्या. रिपोर्ट घेतला, मुलाचं बोट धरलं आणि निघून गेल्या. बहीण सगळं ऐकत होती. ती भावाकडे बघेना.

ऑपरेशनच्या खोलीतला दुसरा एप्रन आणला. तो घालून भाऊंनीच भाच्याला धरलं आणि डॉक्टरांनी बटण दाबलं. हाड शाबूत होतं. भाऊंनी त्याच दिवशी मोठी कात्री घेऊन माझे दोन तुकडे केले, पुन्हा कोणी मला घालू नये म्हणून. त्याचं मला दुःख नाही. शिशाचा कचरा वेगळा नेतात. तो नेणारा येईपर्यंत मी इथे कोपऱ्यात आहे.

दांड्यावर आता नवा एप्रन सरळ लटकतो आणि शेजारी माझा तो फोटो चिकटवलेला आहे. भाऊ आता ठरलेलं वाक्य म्हणत नाहीत. आधी विचारतात, "ताई, दिवस गेलेत का?"

मित्रांनो, कोणी माझ्यासारखा तुमच्या अंगावर चढवला, तर बेधडक विचारा, "हा आतून कधी बघितला?" समोरचा चिडला तर चिडू दे. आणि ज्याच्या भरवशावर कोणी उभं राहणार आहे, त्याची बसायची गादी करू नका.

फोटोतल्या त्या काळ्या भेगा मला इथून दिसतात. त्यांतून जे गेलं ते कोणाकोणाच्या अंगात गेलं, हे मला माहीत नाही. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत.