पुढची जागा

हे गेल्यापासून लांबच्या नदीप्रवासाला मी एकटीच होडी घेऊन निघते. म्हातारपणी लागलेलं खूळ, आता सुटत नाही. पूर्वी हे पुढे बसून फोटो काढायचे आणि मागे वल्हं मी मारायचे. पुढून फुकटचे हुकूम तेवढे यायचे. आता पुढे वजन नसलं की होडीचं टोक वर उचललं जातं आणि ती वाऱ्याने भरकटते, म्हणून तिथे मी वाळूचं पोतं ठेवते.

काल वारा सुटला होता, तरी होडी दिवसभर सरळ गेली. ह्यांच्याच कॅमेऱ्याने मी भरपूर फोटो काढले. संध्याकाळी मुक्कामाच्या जागी मुलगी गाडी घेऊन आली आणि तिने डिकीतून पोतं बाहेर ओढलं.

"आई, सकाळी हे काठावरच विसरलीस."

मी कॅमेरा उघडला. प्रत्येक फोटोत होडीचं पुढचं टोक खाली दबलेलं होतं, दोघं असताना दबायचं तसंच.

आज सकाळी मुलगी पोतं होडीत ठेवायला लागली, तेव्हा मी तिच्यावर खेकसले.

"खाली ठेव ते. बाबांनी काय मांडीवर घेऊन बसायचं?"