खोळीत काय आहे?

मी बंदुकीची खोळ बोलतेय. जाड कातड्याची, पितळी बकलाची. माझ्या आत काय आहे ते मात्र विचारू नका. त्या एका प्रश्नापायी माझे हाल झाले, आणि ज्यानं ते केले त्याला मी अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही.

मला शिवलं घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं. "नातवालासुद्धा पुरेल बघा," असं तो गिऱ्हाइकाला म्हणाला. गिऱ्हाईक म्हणजे माझे मालक, लाकडाच्या वखारीचे. नातू कसला, मालकांनाच आयुष्य पुरलं नाही.

परवाना त्यांच्या नावाचा होता, म्हणून ते गेल्यावर मालकीणबाईंनी आपण होऊन बंदूक कचेरीत जमा केली. कारकुनानं विचारलं, "खोळही ठेवता का?"

"का हो, कातड्यालाही परवाना लागतो?" असं म्हणून बाईंनी मला काखोटीला मारलं आणि परत आणलं.

आणलं ते आणलं, वर माझ्यात फावड्याचा दांडा कोंबला. मला इतकी लाज वाटली! अहो, बंदूक वागवलेली मी, आणि आता पोटात फावड्याचा दांडा? पण बाईंनी मला गल्ल्यामागच्या खुंटीला टांगलं, आणि थोड्याच दिवसांत माझं काम माझ्या लक्षात आलं. बाईंच्या धाकट्या दिराला वखारीच्या फाटकाबाहेर ठेवायचं.

या दिरानं आपला वाटा कधीच फुंकून टाकला होता. आता त्याचा डोळा वखारीवर होता. कोटाच्या खिशात उजवा हात खुपसून तो गल्लीतून फिरायचा, आणि कुणी उलट बोललं की खिसा थोपटून म्हणायचा, "आत काय आहे ते बघायची वेळ आणू नका." हमाल त्याला पाहून बाजूला सरायचे. करवतवाल्या मिस्त्रीनं तर भीतीपोटी आपली चांगली हातगाडी त्याला देऊन टाकली. समोर सगळे त्याला साहेब म्हणायचे, मागून खिसेराव.

खिसेराव फाटकात उभा राहून मला न्याहाळायचा. "वहिनी, दादाची बंदूक आहे ना अजून?"

"खोळ काय शोभेला टांगतात का, भावोजी?" बाई वर न बघताच म्हणायच्या. यात एक अक्षर तरी खोटं आहे का? मी खुंटीवर छाती फुगवून बसायचे.

मग या गड्याला अक्कल सुचली. त्यानं कचेरीत अर्ज टाकला की बंदुकीच्या परवानेवाल्यांची यादी बाहेर फळ्यावर लावा. "शेजारच्या घरात हत्यार आहे की नाही, हे माणसाला कळायला नको?" असं म्हणत त्यानं घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. मागणी वाईट नव्हती हो. मागणाऱ्याचं मन वाईट होतं. यादी लागली. "अक्षरं बारीक काढलीत मेल्यांनी," असं कुरकुरत त्यानं ती एका हमालाकडून वाचून घेतली. बाईंचं नाव तीत नव्हतं.

तसाच तो वखारीत घुसला. मला खुंटीवरून ओरबाडून दांडा बाहेर काढला आणि खदाखदा हसला. "फावडं! वहिनी, फावड्यानं राखता होय वखार?" चाकूनं माझा पट्टा कापला, मला भुशात फेकलं, वर पाय दिला. बाईंना दंडाला धरून बाहेर काढलं आणि फाटकाला स्वतःचं कुलूप घातलं. बाईंनी जाता जाता मला तेवढं उचललं.

त्यांच्या कुशीत मी रागानं नुसती जळत होते. मला हात असते ना, तर त्याच पट्ट्यानं त्याला फाटकाला आवळून बांधला असता!

बाई रडल्या. मग नाक पुसून तक्रार द्यायला कचेरीकडे निघाल्या. दाराशीच तो फळा होता. बाई थांबल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांचं नाव होतं. बँकेच्या पहारेकऱ्याचं होतं. गोडबोल्या शिंप्याचंही होतं, कोणाला वाटलं असतं! बाईंनी यादी शेवटपर्यंत वाचली, मग पुन्हा वरपासून वाचली. आणि त्या हसल्या. मालक गेल्यापासून तसं हसू मी त्यांच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. कचेरीत न शिरताच त्या माघारी फिरल्या.

खिसेराव फाटकाशी उभा होता, हात खिशात. बाईंनी मुद्दाम मोठ्यानं हाक मारली, "भावोजी! यादीत माझं नाव नाही, खरंय. पण तुमचं कुठंय हो?"

गल्लीतली कामं थांबली. हमाल पुढे आले.

"माझ्या खोळीतून फावड्याचा दांडा निघाला. आता तुमच्या खिशातलं काढा बघू. बंदूक असेल तर बिनपरवान्याची, पोलिसांना बोलावते. नसेल तर कुलूप काढा."

त्याची पाचावर धारण बसली. पळायला बघत होता, पण मिस्त्रीनं मागून धरलं आणि त्याचा हात खिशातून खेचून काढला. हातात काय असावं? चष्म्याचं घर! कातडी, काळं, माझ्याच कुळातलं. चष्मा लावला तर लोक म्हातारा म्हणतील, म्हणून हा तो खिशात लपवून फिरत होता. गल्ली जी हसली म्हणता! मिस्त्री म्हणाला, "चला, कुलूप काढा, आणि आता माझी हातगाडी आणा." मी मात्र हसले नाही. मी त्याचा चेहरा डोळे भरून पाहत होते. माझ्यावर पाय दिला होता ना त्यानं? आता बस म्हणावं.

पण आता अख्ख्या गावाला ठाऊक झालं होतं, की वखारीत एकटी बाई आहे आणि बंदूक नाही. ज्या यादीनं माझ्या वतीनं सूड घेतला तिनंच माझी नोकरी घालवली. बाई रोज कडी दोनदा तपासायला लागल्या. मी कोपऱ्यात पडून होते.

परवा खिसेराव आला. चष्मा लावून, नवा अर्ज घेऊन. यादी काढून टाका, असा. "वहिनी, ही खाजगी बाब आहे. लोक हसतात हो. तुमच्याही भल्याचंच आहे, सही करा."

"यादीनं माझं बिंग फुटलं, आणि तिनंच मला वखार परत दिली. मी कुठल्या तोंडानं काढा म्हणू?"

"अहो, पण आता चोराचिलटांनाही ठाऊक झालंय, तुमच्याकडे काही नाही ते!"

बाई उठल्या. माझा पट्टा त्यांनी आदल्या दिवशीच शिवून घेतला होता. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, बाहेर आणलं आणि खुंटीला टांगलं.

"यादी गेल्या महिन्याची आहे, भावोजी. त्यानंतर मी काय केलं, ते तुम्हाला काय ठाऊक?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग अर्जाची घडी करून निघून गेला.

तर मी आहे इथंच, गल्ल्यामागच्या खुंटीला. लाकूड घ्यायला आलात तर या खुशाल. वेडावाकडा विचार घेऊन येणार असाल, तर आधी माझ्याकडे नीट बघा. आतल्या खोलीत बाईंनी माझ्यात काय घातलं, ते मला पक्कं ठाऊक आहे.

सांगणार नाही.